अंतूर की वेताळवाडी? संभाजीनगरहून एका दिवसाचा प्रश्न

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या मंडळींत एकच विषय सुरू होतो, या रविवारी कुठं जायचं. मुंबईकराचं बरं असतं. पहाटेची कर्जत नाहीतर कसारा लोकल पकडली की निम्मं काम झालं. संभाजीनगरहून किल्ल्याच्या पायथ्याला नेऊन सोडणारं असं काही नाही. कन्नड आणि सिल्लोडपर्यंत एसटी भरपूर, पुढं काळी-पिवळी मिळाली तर मिळाली, नाहीतर स्वतःची गाडी. त्यामुळं ठिकाण नीट ठरवून निघालेलं बरं.

देवगिरी मी यात धरत नाही. किल्ला म्हणून त्याला तोड नाही, अंधारीतून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेतून, वर निघताना आजही अंगावर काटा येतो. पण तिकीट काढून, रेलिंग धरून, शाळेच्या सहलीमागं रांगेत चढायचं, याला मी दिवसभराची भटकंती म्हणणार नाही. शरणापूरचा भांगसीमाता गड आणि शहरातली गोगाबाबा टेकडी ही सकाळच्या नाश्त्याआधी उरकायची कामं. म्हैसमाळ पावसात देखणं असतं, पण वरपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि रविवारी भाजलेल्या मक्याच्या गाड्यांपाशी चारचाकींची जी रांग लागते, तिच्यात उभं राहण्यापेक्षा घरी झोपलेलं चांगलं.

गौताळा मात्र असा दोन ओळींत मोडीत काढता येत नाही. 1986 साली अभयारण्य झालेलं हे जंगल कन्नडपासून खाली चाळीसगावकडं उतरतं. 2021 मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ मजल दरमजल करत इथं येऊन पोचला होता. भटकंतीत त्याचा हात कुणी धरू नये. पितळखोरा याच रानात आहे. वरच्या पठारावर गाडी लावायची आणि पायऱ्यांनी घळीत उतरायचं. इसवी सनापूर्वीची लेणी, चौथऱ्यावर ओळीनं उभे हत्ती, आणि समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी. इथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनारानं आपलं नाव कोरून ठेवलंय. ती मूर्ती आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेण्यांसाठी जायचं असेल तर डोळे झाकून पितळखोरा. पण चालणं म्हणाल तर पायऱ्या उतरा आणि चढा, एवढंच. बाकी जंगलात आपल्या मनानं कुठंही शिरायची सोय नाही, आणि ती नसावीच.

आता राहिले दोन किल्ले. नायगावचा सुतोंडाही आहे खरा, कातळ फोडून केलेली त्याची वाट आणि वरची पाण्याची टाकी यांचं वेड असलेले लोक मला माहीत आहेत. पण त्यासाठी बनोटीच्या बाजूला उतरावं लागतं आणि शहरातून एका दिवसात जमवायचं म्हणजे गाडीतच जास्त वेळ जातो. म्हणून खरा सामना अंतूर आणि वेताळवाडीचा.

अंतूर आधी घेतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला बहुतेक जण तोच सुचवतात, आणि त्यात काही चूक नाही. कन्नड तालुक्यातलं नागापूर गाठायचं आणि तिथून डोंगराच्या सोंडेवरून किल्ल्याकडं जायचं. बांधकामाच्या बाबतीत मराठवाड्याच्या या टोकाला देवगिरी सोडला तर अंतूरच्या जवळपास कुणी येईल असं मला वाटत नाही. एकामागून एक तीन दरवाजे, वळणावळणानं आत ओढून घेणारी वाट, वर फारसी शिलालेख. माथ्यावर तलाव, त्याच्या काठची मशीद, पडक्या वाड्यांची जोती. बुरजावर उभं राहिलं की खाली खानदेश अंथरलेला दिसतो. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला एक चौकोनी दगडी खांब उभा आहे, कुठला रस्ता कुठं जातो हे त्यावर फारसीत कोरलंय. आजचा हिरवा फलक गंजून पडतो, आणि हा अजून उभा. त्या खांबापाशी मी दर वेळी थांबतोच. अक्षरांत शेवाळ बसलंय, बोट फिरवलं तर खाच लागते, वाचता मात्र काही येत नाही.

मग अडतं कुठं? त्या रस्त्यावर अडतं.

नागापूरच्या बाजूनं किल्ल्याच्या जवळपास थेट पोचणारा कच्चा मुरमाचा रस्ता आहे. पाच-सहा किलोमीटर भरेल. जीप जाते, मोटारसायकल जाते, पाऊस नसेल आणि ड्रायव्हर जिगरबाज असेल तर साधी कारही बरीच पुढं जाते. म्हणजे तुम्ही भाकरी बांधून, बूट आवळून, चालायच्या हौसेनं निघालेले, आणि मागून एकेका गाडीवर तिघं तिघं हॉर्न वाजवत येतात. तुम्ही बाजूच्या गवतात उतरायचं, ते धुरळा उडवत पुढं. धुरळा बसतो न बसतो तोच दुसरी गाडी. एकदा एक गुराखी बाबा कडेच्या दगडावर बसलेले होते. त्यांनी आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं, गाडी जाती ना वर. पायी कामून निघाले?"

याला काय उत्तर देणार. हौस म्हणून, असं म्हणालो. बाबांना ते पटलेलं दिसलं नाही.

जाताना हे एवढं टोचत नाही. सकाळची वेळ असते, ऊन कोवळं असतं, किल्ला समोर दिसत असतो. खरी परीक्षा परतीला. किल्ला बघून होईतो दुपारचे दोन वाजतात आणि मग तोच मुरूम, तोच रस्ता, पायाखाली तोच बारीक खडा आणि डोक्यावर मराठवाड्याचं ऊन. ऑक्टोबरातही इथलं दुपारचं ऊन काय चीज आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. मोठं झाड दिसतं ते नेमकं रस्त्यापासून लांब. बघायचं सगळं बघून झालेलं असतं, नवीन काहीच यायचं नसतं, फक्त अंतर कापायचं असतं. मला डोंगर चढायचा कंटाळा कधी आलेला नाही. आल्या रस्त्यानं रखडत परत यायचा मात्र येतो, आणि अंतूरला तो हमखास येतो. बरोबरच्या मंडळींचंही तेच होतं. सकाळी बुरूज, तटबंदी, जंग्या (तटातली मारा करायची भोकं) अशा गप्पा चाललेल्या असतात आणि परतीच्या दुसऱ्या किलोमीटरला सगळे मुक्यानं खाली बघत चालत असतात. कुणाला हे क्षुल्लक वाटेल, वाटू दे. माझं पारडं इथंच फिरलं.

वेताळवाडीला ही भानगड नाही.

सिल्लोडहून गोळेगाव, उंडणगाव करत हळद्याला यायचं. हळदा वर पठारावर आहे, वेताळवाडी खाली सोयगावच्या बाजूला, आणि दोहोंच्या मधे हळदा घाट. किल्ला या घाटाच्या कडेलाच बसलेला आहे. घाट उतरायला लागलात की एका वळणावर समोर अख्खी तटबंदी उभी राहते, इतक्या जवळ की गाडीतले सगळे एकदम बोलायला लागतात. त्याच वळणाच्या आसपास उतरायचं. डोंगराच्या कडेकडेनं पायवाट जाते आणि अर्ध्या तासाच्या आत तुम्ही जंजाळा दरवाजात असता. दरवाजा मोठ्या बुरजाच्या आड असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वर दोन्ही अंगांना शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेले आहेत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्यांच्या पंजाची नखंसुद्धा वेगळी दिसतात. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, तिथं बसून धपाटे आणि दही खायला मला फार आवडतं. सावली, वारा आणि समोर घाटाचं वळण.

माथा लांबोळका आहे. पडझड बरीच आहे, अलीकडे थोडी डागडुजी झालेली दिसते. धान्याचं कोठार, एक-दोन टाकी, नमाजाची जागा, आणि उत्तरेच्या टोकाला बारादरी. तिच्या दोन कमानींतून खाली वेताळवाडीचं धरण आणि पलीकडं सोयगावचं शिवार दिसतं. इथं पाऊण तास कसा जातो कळत नाही.

आणि मग खरी गंमत. परत फिरायचं नाही. दुसऱ्या बाजूचा जळगाव दरवाजा सरळ खाली वेताळवाडी गावाकडं उतरवतो. निवांत उतरलं तरी तासभराचं काम. दरवाजा वेगळा, बाजू वेगळी, झाडी वेगळी. सीताफळाच्या दिवसात उतारावर दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं असेल तर तो घाट उतरून गावात येऊन थांबलेला असतो. दिवसाचा एकही टप्पा दुसऱ्यांदा चालावा लागत नाही. अंतूरहून आलो की पहिलं पाय दुखल्याचं बोलणं निघतं. वेताळवाडीहून आलो की पुढच्या रविवारचं. मोजमाप म्हणून माझ्याकडं एवढंच आहे.

वेताळवाडीत खोड नाही असं नाही. चढाई घाटाकडून अगदीच कमी आहे. ज्याला घाम गाळायचाच आहे त्यानं उलटं करावं, गावातून चढावं आणि घाटात उतरावं. मग मात्र चढ चांगला दम काढतो. वरचे अवशेष अंतूरच्या मानानं विस्कळीत. माहिती असलेलं कुणी बरोबर नसेल तर अर्धं काय आहे ते कळतच नाही. पिण्याचं पाणी वर नाही असंच धरून चाला. माणशी तीन लिटर, त्यात तडजोड नको. आणि कुसळं. दसरा उलटला की माथ्यावरचं गवत कमरेपर्यंत येऊन वाळायला लागतं आणि त्याची कुसळं मोज्यात जी घुसतात ती धुण्यातूनही जात नाहीत. एकेक कुसळ पीळ घेत आत सरकतं, उलटं ओढलं तर तुटतं. चिमट्यानं टोकाकडून पुढं ढकलून काढावं लागतं. मोज्याची जोडी तिथल्या तिथं टाकून चपलेवर घरी आलेली माणसं मी पाहिलीत. अंतूरच्या माथ्यावरही हे गवत आहेच, पण रस्ता रुंद असल्यामुळं जाता-येता तरी सुटका असते. तेवढा गुण त्या मुरमाला द्यावा लागेल. गुळगुळीत कापडाची पँट आणि पोटरीवर पट्ट्या असतील तर त्रास निम्मा होतो. जीन्स आणि लोकरी मोजे मात्र नकोतच.

सिल्लोडचा रस्ता हीही एक रडकथा आहे. जळगाव रोडचं काम इतकी वर्षं चाललं की त्यावर आमच्याकडं विनोद करायचाही लोकांना कंटाळा आला. कन्नडची बाजू त्या मानानं सुखाची. गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

एका बाबतीत अंतूरच्या आड माझं स्वतःचं मत मी येऊ देणार नाही. घरातली वयस्कर माणसं, गुडघ्याचा त्रास असलेली आत्या किंवा सात-आठ वर्षांची पोरं बरोबर असतील आणि त्यांना खरा किल्ला दाखवायचा असेल, तर ज्या रस्त्यावर मी एवढा वेळ बोटं मोडली तोच कामाला येतो. जीप ठरवा, वरपर्यंत न्या, तीन दरवाजे दाखवा, तलावाकाठी जेवा. वेताळवाडीची पायवाट अवघड नाही, पण कडेनं आहे, आणि पावसात तिथली माती पायाखालून सरकते. पावसाळ्याच्या ऐन भरात मी लहान पोरांना तिकडं नेत नाही. तुमची पोरं काटक असतील तर तुम्ही बघा.

इतिहासाची ओढ असलेल्यांसाठीही अंतूर थोडा पुढं, हे मान्य. फक्त वेताळवाडीच्या पारड्यात एक गोष्ट टाकायची राहिली. परिसरातच जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणं आहे, पाचव्या शतकातलं. तिथल्या शिलालेखात वाकाटकांचा मंत्री वराहदेव येतो, ज्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवलं तोच. किल्ला सकाळी लवकर उरकला, गाडी स्वतःची असली आणि ती परत वर घाट चढवायची तयारी असली, तर दुपारी तेही होऊ शकतं. वाटेवर अंभईचं वडेश्वर मंदिर लागतं, ते चुकवू नका. हे सगळं एका दिवसात कोंबलं की धावपळ होते, हे खरंच. मी बहुधा किल्ला आणि लेणं यातलं एकच घेतो, आणि बहुधा किल्लाच घेतो.

कधी जायचं? पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत हिरवं, दिवाळीनंतर थंडीचे दोन-अडीच महिने चालायला उत्तम. होळीनंतर दोन्हीकडं जाऊ नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

वेताळवाडी ठरवलीत तर ड्रायव्हरशी वेळ बोलून घ्या. घाटात फोनला रेंज धरेल याची खात्री नाही, आणि घाटातच वाट बघत बसलेला ड्रायव्हर आणि गावात बसलेले तुम्ही, असा घोळ सहज होतो. "दोन वाजता गावात" एवढं पक्कं सांगितलं की काम झालं. परत येताना घाट चढायच्या भानगडीत न पडता सोयगावला चहा घ्या आणि फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडला या. थोडं लांब पडतं, पण गाडीलाही आल्या रस्त्यानं परत जावं लागत नाही.