लोणावळ्याचा बंगला: पूलला जोडून स्पा, की वेगळा हॉट टब?

लोणावळा-पाचगणीकडे सुट्टीचं घर बांधणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच: पूल होतोच आहे, तर त्याच्या कोपऱ्यात गरम पाण्याचा स्पाही काढून घ्यावा, की तयार हॉट टब वेगळा आणून ठेवावा? आर्किटेक्टच्या चित्रात तो झकास दिसतो. अडचण हंगामाची आहे. पूलमध्ये उड्या पडतात एप्रिल-मेमध्ये. गरम पाण्यात बसावंसं वाटतं जुलैच्या पावसात आणि डिसेंबरच्या रात्री.

आधी उष्णतेचा हिशोब. १,००० लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट उष्णता लागते. बांधलेल्या स्पात ३,००० लिटर पाणी धरू. डिसेंबरात २४ अंशांवरून ३८ वर न्यायला ४९ युनिट. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र, म्हणून वीज कमी खातं) तासाला १२ युनिट उष्णता देत असेल तर चार तासांहून थोडा जास्त वेळ, आणि मीटरवर १४-१५ युनिट. वेगळा टब साधारण १,३०० लिटरचा असतो. ३ किलोवॅटच्या कॉइलवर तो सात तासांत तापतो आणि २१ युनिट खातो. म्हणजे एका वेळच्या बिलात जोडलेला स्पा महाग नाही. फरक पडतो तो नंतर. त्याचं पाणी पूलमध्ये मिसळलं की सगळी ऊब गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. टबावर जाड झाकण असतं, रविवारी निघताना ३० अंशांवर ठेवून जाता येतं.

जोडलेल्या स्पाचं खरं दुखणं पंपरूममध्ये असतं. पंप आणि फिल्टर एकच, म्हणून पाणी कुठून ओढायचं आणि कुठे सोडायचं हे दोन थ्री-वे व्हॉल्व्ह (तीन तोंडांच्या झडपा) ठरवतात. दांड्यावर जिकडे ‘ऑफ’ लिहिलेलं असतं ती बाजू बंद. ओढणं स्पातून आणि सोडणं पूलमध्ये झालं, तर काही मिनिटांत स्पा रिकामा आणि पंप हवा ओढायला लागतो. उलट झालं, तर स्पा वाहत राहतो आणि हीट पंप पूलचं ४३,००० लिटर (८ × ४ मीटर, सरासरी खोली १.३५) तापवत बसतो. तासाला पाव अंश! पाहुणे टॉवेल घेऊन उभे, नि काटा हलत नाही. सोमवार ते शुक्रवार घर माळ्याच्या भरवशावर असेल, तर दोन्ही व्हॉल्व्हना मोटर बसवून एकाच बटणावर घ्या.

स्पा पूलपेक्षा उंचावर असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, हवाच. त्याच्या पडद्यात खडा अडकला की पंप बंद असताना पाणी हळूहळू खाली उतरतं. सकाळी स्पा अर्धा दिसला की लोक गळती समजून टाइल्स फोडायला घेतात. आधी तो व्हॉल्व्ह उघडून बघा.

पाण्याच्या बाबतीत मात्र जोडलेला स्पा जिंकतो. १,३०० लिटरमध्ये चौघे बसले म्हणजे त्या ४३,००० लिटरच्या पूलमध्ये सव्वाशेहून जास्त माणसं उतरल्यासारखं. क्लोरीन झपाट्याने संपतं, बुडबुड्यांनी पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली, याचं माप) वर चढतो. टबात क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवावा लागतो, वापराआधी दर वेळी तपासून. आणि तीन-चार महिन्यांनी सगळं पाणी बदलायचं. स्पाचं पाणी पूलमध्ये मिसळत राहिलं की हा ताण विरतो. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर क्षार दोन्हीकडे धरतो.

बांधकामात एकच गोष्ट अडते. स्पा पूलबरोबर, एकाच आरसीसी कामात झाला पाहिजे. ‘नंतर जोडून देऊ’ म्हणणाऱ्या ठेकेदाराचं ऐकू नका. जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा हमखास गळतो. टाइल्सच्या फटींत इपॉक्सी ग्राउट. तळाशी पाणी ओढणारी तोंडं दोन, किमान मीटरभर अंतरावर, केस अडकणार नाहीत अशा जाळीची.

वेगळ्या टबाला हे नको, पण वजन विसरू नका: पाणी, टब आणि पाच माणसं मिळून दोन टन, म्हणजे चौरस मीटरला ४५०-५०० किलो. वावर असलेली गच्ची चौरस मीटरला साधारण १५० किलोवर डिझाइन केलेली असते. इंजिनियरला विचारल्याशिवाय वर चढवू नका. आयात टब घेताना मोटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे ना, हे प्लेटवर वाचा. वेगळी ३२ अँपिअरची लाइन, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, यात काटकसर नाही.

अलिबाग किंवा गोव्यात घर असेल तर दोन्ही विसरा. तिथे लोकांना बहुधा उष्णता नको असते, बसायला पायरी आणि पाठीवर जेट (पाण्याचे जोरदार झोत) हवे असतात. पूलच्याच पाण्यात बाकडं आणि चार जेट, वेगळ्या पंपावर. हीटर नाही, व्हॉल्व्हची भानगड नाही.

घाटावर, घरात कायम माणूस आणि पूल वर्षभर चालू असेल तर जोडलेला घ्या. फक्त शनिवार-रविवारी येणार असाल तर वेगळा. अजून ठरत नसेल तर पूलचं काम चालू असतानाच अडीच मीटर चौरस काँक्रीटचा ओटा ओतून ठेवा आणि त्याच्यापर्यंत एक निचऱ्याचा पाइप नि केबलसाठी एक रिकामा पाइप टाका. फरशी बसल्यावर तेच काम करायचं तर अर्धं अंगण उकरावं लागतं.