पॅकेट लॉस शोधताना: एमटीआर की वेळेची नोंद ठेवणारा पिंग?

स्पीड टेस्टचा आकडा पूर्ण येतो आणि तरीही व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे शब्द गळतात, अशी तक्रार असली की संशय पॅकेट लॉसवर, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेट) वाटेत हरवण्यावर, जातो, हे या विषयात थोडेफार हात घातलेल्यांना ठाऊक असतेच. प्रश्न येतो तो पुढे, म्हणजे हा लॉस पकडायचा कशाने. घरगुती वापरासाठी दोन मार्ग सर्रास सुचवले जातात: एक म्हणजे एमटीआर, वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा लॉस मोजणारे साधन (विंडोजवर त्याचे विनएमटीआर हे भावंड), आणि दुसरा म्हणजे साधा पिंग, एकाच पत्त्याला पुन्हा पुन्हा पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहणारा, मात्र प्रत्येक ओळीपुढे वेळ छापणारा आणि तासन् तास चालू ठेवलेला. डोंबिवलीतल्या आमच्या घरी मी दोन्ही महिनाभर वापरले. त्यातला एक आता माझ्या लॅपटॉपवर कायमचा राहिला आहे आणि दुसरा मी कारणपरत्वे उघडतो. लॅपटॉप वायफायवर असताना दोहोंपैकी कशालाच अर्थ नसतो, त्यामुळे राउटरला लॅन केबल जोडूनच तपासणी केली आहे, असे गृहीत धरून पुढे लिहितो.

एमटीआरचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मॅट किंबल यांनी १९९७ मध्ये लिहिलेले आणि पुढच्याच वर्षी रॉजर वुल्फ यांनी हाती घेतलेले हे साधन वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला सेकंदाला एक पॅकेट पाठवते आणि प्रत्येकासमोर लॉसचा टक्का मांडते, त्यामुळे बिघाड आपल्या राउटरपाशी आहे, केबलवाल्याच्या हद्दीत आहे की त्याच्याही पलीकडे आहे, याचा अंदाज एका पडद्यावर येतो. ते वाचण्याची रीत मात्र अंगवळणी पडावी लागते. मधल्याच एखाद्या ओळीत चाळीस टक्के लॉस दिसला आणि त्याखालच्या ओळी स्वच्छ असल्या, तर तो लॉस खरा नसतो; तो राउटर आपल्याला थेट उत्तर देण्याचे काम मागे ठेवतो, पण पुढची वाहतूक नीट जाऊ देत असतो. लॉस एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकला, तरच त्याला तक्रारीचे वजन येते. रिपोर्टच्या पद्धतीने चालवल्यास एमटीआर मुळात दहाच फेऱ्या करते, म्हणजे एक पॅकेट हरवले तरी दहा टक्के दिसतात. फेऱ्यांची संख्या किमान काही शेकड्यांपर्यंत वाढवून घ्यावी.

माझा निर्णय मात्र या बारकाव्यांनी ठरला नाही. तो एका वैतागाने ठरला. आमचे कनेक्शन तळमजल्यावरच्या स्विचमधून तांब्याच्या लॅन केबलने पाचव्या मजल्यापर्यंत येते. संध्याकाळी मुलीच्या ऑनलाइन वर्गात शिक्षिकेचा आवाज मध्येच तुटायचा आणि पंधरा-वीस सेकंदांत आपोआप सुरळीत व्हायचा. मी एमटीआर चार तास चालू ठेवले. चार तासांत प्रत्येक टप्प्याला चौदा हजारांवर पॅकेट जातात. त्यांतली सत्तरेक हरवली होती. पहिल्या ओळीवर, म्हणजे आमच्या राउटरवर, लॉस शून्य. दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत अर्धा टक्का. बिघाड राउटर आणि केबलवाल्याचा पहिला टप्पा यांच्या मध्ये आहे, हे एमटीआरने अगदी बरोबर सांगितले होते. मी तो पडदा केबलवाल्याला पाठवला, आणि त्याचे उत्तर सभ्य होते पण उपयोगाचे नव्हते: अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, एवढे चालते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ सालच्या ब्रॉडबँड नियमांतही पॅकेट लॉसची मर्यादा एक टक्क्याच्या आत अशीच धरलेली होती, त्यामुळे मला वाद घालायला जागाच उरली नाही.

खरी अडचण अशी की ती सत्तर पॅकेट चार तासांत विखुरलेली नव्हती, ती पाच-पाच, सात-सातच्या झुबक्यांनी गेली होती, आणि वर्ग तुटत होता तो नेमक्या त्या झुबक्यांत. एमटीआरचा रकाना मोजणी सुरू केल्यापासूनची गोळाबेरीज दाखवतो, त्यात झुबका सपाट होऊन जातो. लिनक्सवरच्या एमटीआरमध्ये डी हे अक्षर दाबले की अलीकडची पॅकेट चिन्हांच्या पट्टीत दिसतात, हे नमूद करायला हवे. पण ती पट्टी सरकून जाते आणि तिच्यावर घड्याळ नसते. लॉस कुठे आहे हे मला कळले होते. तो केव्हा होतो, हे मात्र ते साधन सांगत नव्हते, आणि घराच्या बाबतीत ‘केव्हा’ हाच प्रश्न अधिक मोलाचा ठरतो, असे माझे मत त्या महिन्यात बनले. घरच्या वाटेवर ‘कुठे’ची उत्तरे तीन-चारच असतात. ‘केव्हा’ कळले की पाण्याचा पंप, मायक्रोवेव्ह, दुपारच्या उन्हात तापणारी गच्चीवरची पेटी किंवा रात्री नऊनंतरची गर्दी यांपैकी एकाचे नाव पुढे येते.

म्हणून मी पिंगकडे वळलो. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा एवढासा प्रोग्राम फार काही सांगत नाही, पण सांगतो ते ओळीओळीने सांगतो. मी तीन खिडक्या उघडल्या: एक राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, दुसरी केबलवाल्याच्या पहिल्या टप्प्यावर (तो पत्ता ट्रेसराउट या वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या आज्ञेने एकदाच काढून घेतला, अनेकांकडे तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने तरी सुरू होतो), आणि तिसरी इंटरनेटवरच्या १.१.१.१ या सार्वजनिक सर्व्हरवर. लिनक्सवर मोठ्या लिपीतला डी हा पर्याय दिला की प्रत्येक ओळीपुढे वेळ येते, आणि मोठ्या लिपीतला ओ दिला की न आलेल्या उत्तराचीही ओळ छापली जाते. नाहीतर हरवलेले पॅकेट फक्त क्रमांकातल्या खंडावरून ओळखावे लागते. एपोक सेकंदांतली (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांतली) ती वेळ नेहमीच्या घड्याळात बदलून घेणे कंटाळवाणे आहे, हे मान्य.

विंडोजवर थोडी अधिक काळजी घ्यावी लागते. तिथला पिंग स्वतःहून वेळ छापत नाही, त्यामुळे पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीतून प्रत्येक ओळीला वेळ जोडावी लागते. उत्तर आले नाही तर तो चार सेकंद वाट पाहतो, म्हणून वीस सेकंदांचा खंड चार-पाच ओळींतच उरकतो आणि लॉस प्रत्यक्षाहून लहान दिसतो. थांबण्याची मर्यादा १००० मिलिसेकंदांवर आणली की हा दोष बराच कमी होतो. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ अशी ओळ आली तरी विंडोज तिला मिळालेले उत्तर समजून मोजतो, म्हणून शेवटच्या बेरजेवर विसंबू नये, ओळीच वाचाव्यात. एमटीआरच्या मानाने हा सगळा खटाटोप जास्त आहे, हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी खिडक्यांसमोर बसून होतो. राउटरची खिडकी संथपणे ओळी टाकत होती. उरलेल्या दोन्हींत एकाच क्षणी उत्तरे येणे बंद झाले, सात ओळी रिकाम्या गेल्या, आणि त्याच वेळी जिन्यातून लिफ्ट वर येत असल्याची घरघर कानावर आली. योगायोग असेल म्हणून मी मुलीला खाली पाठवून लिफ्टने वर यायला सांगितले, दोनदा. दोन्ही वेळा झुबका गेला. दुसऱ्या दिवशी वेळांची फाइल आणि लिफ्टच्या त्या दोन फेऱ्या केबलवाल्याला दाखवल्या, तेव्हा त्याने कुठलाही आकडा न विचारता वायरमनला पाठवले. आमची लॅन केबल लिफ्टच्या डक्टमधून मोटरच्या वीजतारांना खेटून वर चढवलेली निघाली. ती काढून जिन्याच्या भिंतीवर केसिंग पट्टीतून स्वतंत्र नेण्यात आली.

ज्यांना दूरच्या सर्व्हरची तक्रार आहे, उदाहरणार्थ एकच गेम अडतो आणि बाकी सगळे ठीक चालते, त्यांनी एमटीआरच घ्यावे असे मी म्हणेन. तिथे वाट लांब असते, टप्पे अनेक असतात आणि पिंगच्या तीन खिडक्या अपुऱ्या पडतात. लॉस सतत आणि एकसारखा असेल, तरीही एमटीआर पाच मिनिटांत काम करते आणि रात्रभराची जागल वाचवते. वेळेचा आलेख काढणारे पिंगप्लॉटरही आहे, ज्यात माझी मुख्य तक्रार बरीचशी दूर होते. पण घरातला लॉस येऊन-जाऊन असेल, आणि बहुतेकांचा तसाच असतो असा माझा अनुभव आहे, तर आधी पिंगच्या खिडक्या उघडाव्यात, जवळ वही ठेवावी आणि आवाज तुटल्याची प्रत्येक वेळ तिच्यात लिहावी. केबल हलवल्यानंतर मीही त्याच तीन खिडक्या आणखी दोन संध्याकाळी चालू ठेवल्या होत्या. लिफ्टची घरघर ऐकू येत राहिली आणि ओळींमध्ये खंड पडला नाही.