पोटरीवरचा ओरखडा: बारा आठवड्यांच्या योजनेत मी कसा फसलो

सुरुवातीलाच रक्कम सांगून टाकतो. शरीर घडवून देण्याच्या एका योजनेत 27 आठवड्यांत माझ्या एका महिन्याच्या पगाराच्या 212 टक्के पैसे गेले. नोंदणीचे 36, 'वैयक्तिक आराखडा' नावाच्या कागदाचे तीन वेळा 12 म्हणजे 36, आणि प्रोटीन पावडरच्या 10 डब्यांचे प्रत्येकी 14 म्हणजे 140. हिशेब पगाराच्या टक्क्यांत मांडतो आहे, कारण नुसती रक्कम एखाद्याला किरकोळ वाटते आणि एखाद्याला डोंगराएवढी. दोन महिन्यांहून अधिक काळ फुकट राबणे म्हणजे काय, हे मात्र कोणालाही समजते. हिशेबतपासणी हा माझा व्यवसाय आहे, हेही आत्ताच कबूल करतो, नाहीतर कोणीतरी ते टोचून विचारणारच.

अशा योजनांची रीत आता सर्वांना पाठ आहे: आधीचे छायाचित्र, नंतरचे छायाचित्र, बारा आठवडे, पैसे परत देण्याची हमी आणि मोजक्याच उरलेल्या जागा. मलाही ती पाठ होती. तरीही फसलो, कारण ही योजना विकणाऱ्या प्रशिक्षकाने माझ्यापुढे ठेवले ते माहितीपत्रक नव्हते, शरीरसौष्ठवाच्या एका मासिकाचे पान होते. आणि मासिकाच्या पानावर माझी श्रद्धा वयाच्या पंधराव्या वर्षापासूनची होती.

त्या वयात ही मासिके मी पाठ्यपुस्तकासारखी वाचली. विजेत्याचा दंडाच्या स्नायूंसाठीचा कार्यक्रम वीस सेटचा असेल, तर मीही वीस सेट मारत असे, आणि कोपर दुखू लागले की दोष स्वतःच्या जिद्दीला देत असे. ते कार्यक्रम पुष्कळदा विजेत्यांच्या नावावर दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले असत, आणि त्या शरीरांमागच्या औषधांचा उल्लेख त्या पानांवर नसे, हे कळायला फार उशीर झाला. डायनाबॉल हे स्टेरॉइड 1958 मध्ये अमेरिकेत बाजारात आले. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या यॉर्क गावच्या काही वजन उचलणाऱ्यांची ताकद झपाट्याने वाढली, तेव्हा तिथले वजनांचे कारखानदार बॉब हॉफमन यांच्या मासिकाने त्याचे श्रेय आयसोमेट्रिक, म्हणजे अंग न हलवता जोर लावण्याच्या, व्यायामाला दिले, आणि त्या व्यायामाची लोखंडी चौकट त्यांचीच कंपनी विकत होती. हॉफमन यांच्या आधीही हेच चालत आले होते. बर्नार मॅकफॅडन यांचे 1899 चे मासिक मुळात त्यांच्या व्यायामयंत्राच्या प्रचारातून उभे राहिले. जो वीडर यांनी 1940 मध्ये 'युअर फिजिक' हे मासिक सुरू केले, 1965 मध्ये मिस्टर ऑलिम्पिया ही शरीरसौष्ठवाची स्पर्धा उभी केली आणि 1968 मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरला अमेरिकेत आणले. मासिक त्यांचे, स्पर्धा त्यांची, मुखपृष्ठावरचा विजेता त्यांचा आणि मागच्या पानावरची पावडरही त्यांचीच. त्यांच्या कंपनीच्या स्नायूवाढीच्या दाव्यांवर 1985 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली. याच मासिकांमुळे लाखो लोक व्यायामाला लागले, हेही खरे आहे, आणि मी त्यांपैकीच एक आहे. म्हणूनच तर राग अधिक येतो.

तर ते पान. व्यायामशाळेत एक नवे प्रशिक्षक आले होते, ज्यांना सगळे 'सर' म्हणत. त्यांनी प्लास्टिकमध्ये मढवलेले एक पान माझ्या हाती दिले. त्यावर त्यांच्याच पावडरविषयी दोन स्तंभांचा लेख होता, डॉक्टर म्हणवणाऱ्या लेखकाचे नाव होते, तक्ता होता, खाली पृष्ठक्रमांकही होता. पानाचा उजवीकडचा वरचा कोपरा मात्र तिरका कापलेला होता. घरी माळ्यावरची जुनी मासिके काढून पाहिली असती, तर त्या जागी बारीक अक्षरांत 'जाहिरात' असे छापलेले असते हे मला त्याच रात्री दिसले असते. ती मी आठ महिन्यांनी काढली.

पण खरी चूक ती नव्हे. सरांनी मोबाइलवर त्यांची स्वतःची दोन छायाचित्रे दाखवली, मध्ये बारा आठवड्यांचे अंतर असल्याचे सांगितले. पहिल्यात पोट सुटलेले, खांदे पडलेले, चेहरा उतरलेला. दुसऱ्यात अंग तेलाने चमकणारे, प्रकाश वरून पडलेला, पोटावर स्नायूंचे सहा उठाव. आणि दोन्हींत डाव्या पोटरीवर एक ताजा, लालसर ओरखडा होता, त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा, खालच्या टोकाला तीच छोटी खपली धरलेला. तो मी पाहिला. नजरेतून निसटला असे म्हणण्याची सोयसुद्धा मला नाही; मी ते चित्र दोन बोटांनी मोठे करून पाहिले आणि ओरखडा बारा आठवडे ताजा कसा राहतो, हा प्रश्न माझ्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत उमटला. तेवढ्यात सर म्हणाले, "तुम्ही फार बारकाईने बघता, पण शंका घेणाऱ्यांचे स्नायू वाढत नाहीत." आजूबाजूची चार तरुण मुले हसली. मीही हसलो, आणि पैसे भरले. बेचाळिसाव्या वर्षी वीस-बावीस वर्षांच्या मुलांसमोर आपण भित्रे, संशयी म्हातारे दिसू नये, एवढ्याचसाठी मी डोळ्यांनी पाहिलेला पुरावा गिळला. दिवसभर इतरांच्या खात्यांतल्या विसंगतींवर लाल पेन्सिलीने खुणा करणारा माणूस मी! तो ओरखडा अजून झोपेत दिसतो.

हमीची अट अशी होती की दर चार आठवड्यांनी ठरलेल्या राखाडी पडद्यासमोर छायाचित्र काढून द्यायचे. पहिल्या वेळी सरांनीच मला पोट सैल सोडायला आणि मान खाली घालायला सांगितले. पुढच्या वेळी छायाचित्रापूर्वी डंबेल्स मारायला लावले, म्हणजे स्नायूंत रक्त भरते.

माझ्या बाजूने एवढे सांगतो की सुरुवातीला फरक खरोखर पडला. तीन आठवड्यांत वजन 71.4 वरून 73.6 किलोवर गेले आणि दंड भरल्यासारखे दिसू लागले. असा फरक काट्यावर दिसल्यावर कोण संशय घेईल? बारा आठवडे संपले तेव्हा वजन तिथेच अडकले होते. तेव्हा 'शरीराला सवय झाली आहे' असे सांगून दुसरा आराखडा विकला गेला, मग तिसरा. सत्ताविसाव्या आठवड्यात वजन 73.9 होते.

उलगडा झाला तो नेहमीच्या रक्ततपासणीत. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे क्रिएटिनिन वाढून 1.5 आले. डॉक्टरांनी विचारले, "क्रिएटिन घेता का?" व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात तो हा पदार्थ. मी डब्यावरचे घटक वाचून दाखवले, त्यात क्रिएटिन नव्हते. शरीरात क्रिएटिनचेच क्रिएटिनिन होते, आणि क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी धरले जाऊन वजन पटकन दोनेक किलोंनी वाढते, हे त्यांनी मला समजावले. पावडर बंद केली. पाच आठवड्यांत वजन 72.1 वर आले आणि क्रिएटिनिन 1.0 वर. म्हणजे मी 27 आठवडे पाणी विकत घेत होतो.

दहावा डबा जेमतेम उघडला होता. तो पगाराचे आणखी 9 टक्के खर्चून खासगी प्रयोगशाळेत तपासला. 33 ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये 25 ग्रॅम प्रोटीन असल्याचा दावा होता. प्रोटीन थेट न मोजता नुसता नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणण्याच्या रूढ चाचणीत आकडा 25.1 आला, म्हणजे डबा उत्तीर्ण! प्रोटीन ज्यांचे बनते त्या अमिनो आम्लांची वेगवेगळी तपासणी केल्यावर मात्र खरे प्रोटीन 13.4 ग्रॅम निघाले. बाकीचा नायट्रोजन 6 ग्रॅम ग्लायसिन, 2 ग्रॅम क्रिएटिन आणि 1.7 ग्रॅम टॉरिन यांचा होता, आणि हे तिन्ही पदार्थ दुधाच्या प्रोटीनपेक्षा स्वस्त पडतात. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे लिहिलेले दिसले, किंवा प्रमाण न देता 'विशेष मिश्रण' असे लिहिलेले दिसले, तर डबा जागच्या जागी ठेवावा. माझ्या डब्यावर तेही लिहिलेले नव्हते, हा भाग वेगळा.

आता दाद मागण्याविषयी. चार कार्यालये, अकरा खेपा, पाच महिने. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने पावत्या मागितल्या. दहाही पावत्यांवर 'सल्ला शुल्क' असे लिहिलेले होते, पावडरचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि सल्ला तर तुम्हाला मिळालाच, असे मला शांतपणे ऐकवण्यात आले. (पावतीवर वस्तूचे नाव नसेल तर पैसे देऊ नयेत. हे मी लोकांना पगार घेऊन सांगतो.) खाद्यपदार्थांच्या तपासणी विभागाने माझा अहवाल उलटून पाहिलासुद्धा नाही, कारण नमुना त्यांच्या अधिकाऱ्याने, न उघडलेल्या डब्यातून घेतलेला असावा लागतो. मग अधिकाऱ्यांना पाठवा, म्हटले. त्यासाठी अर्ज द्या, म्हणाले. अर्ज दिला तर विक्रेत्याचा पत्ता हवा होता, आणि तोपर्यंत सर व्यायामशाळा सोडून गेले होते. व्यायामशाळेच्या मालकांनी हात वर केले: तो माणूस फक्त जागेचे भाडे देत होता. पोलिसांनी हा आपसातला पैशांचा व्यवहार ठरवला, आणि तिथल्या एका हवालदारांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "पण साहेब, तब्येत तर बरी दिसते तुमची," असे म्हटले. तो विनोद होता की निष्कर्ष, हे मला आजही ठरवता आलेले नाही. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवले आहेत. मासिकाने दोन ओळींचे उत्तर दिले की जाहिरातीतील दाव्यांची जबाबदारी जाहिरातदाराची असते. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बिनचूक होते, आणि त्या सगळ्यांच्या बेरजेत माझे 212 टक्के नाहीसे झाले. एकानेही, अगदी एकानेही, तो कापलेला कोपरा पाहायला मागितला नाही. मी ते पान प्रत्येक खेपेला पिशवीत घेऊन जात होतो.

डबे घेतच असाल, तर एक न उघडता बाजूला ठेवा. हमीच्या नावाखाली कोणी तुमची छायाचित्रे मागितली, तर देऊ नका. ही दुसरी सूचना मला कोणी वेळेवर द्यायला हवी होती, कारण गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने मोबाइलवर आलेली एक जाहिरात हसत माझ्यापुढे धरली. राखाडी पडदा, शेजारी शेजारी दोन चित्रे, खाली 'बारा आठवडे'. ती काढून टाकण्यासाठी तीनदा लिहिले, उत्तर नाही. दोन्ही चित्रांतल्या माणसाच्या डाव्या खांद्यावर भाजल्याचा जुना डाग आहे. तो मी आहे. डावीकडच्या चित्रात पोट मी मुद्दाम बाहेर काढलेले आहे, आणि उजवीकडच्या चित्रात आहे ते दोन किलो पाणी.