लिहिणाऱ्या चित्रकाराची वही : ३०० जीएसएमचा सुती कागद

चित्र आणि मजकूर एकाच पानावर मांडणाऱ्यांसाठी ही ए-५ आकाराची, शिवलेली वही. कागद पूर्ण सुती, जाड (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), खरखरीत पोताचा. (कापसाच्या मुलखात तो एवढा महाग का, हा प्रश्न वेगळा.) जलरंगाचे तीन-चार थर सहज सोसतो, पान फारसं वळत नाही.

लिहायला मात्र रडवतो. टोकदार निबमध्ये तंतू अडकतात, रेघ तुटते. ०.५ मिमी टोकाचं, पिगमेंट शाईचं (वाळल्यावर पाण्यानं न पसरणाऱ्या) पेन बरं. शाई पूर्ण वाळल्यावरच वर रंग चढवावा. फाउंटन पेनची साधी शाई पाणी लागताच पसरते.

खरी कसोटी जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात. ४४ अंशांत ब्रश परत फिरेपर्यंत वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) वाळतो आणि कडेला रेघा उमटतात. केळीच्या पानाचा सपाट हिरवा हवा असेल तर आधी वहीचं पान साध्या पाण्यानं ओलं करा, रंग जास्तीचा कालवून ठेवा, कूलरच्या झोतात बसू नका. पावसाळ्यात दमट हवेनं सायझिंग (कागदाला रंग लगेच शोषू न देणारी खळ) बिघडलं की कागद टिपकागदासारखा रंग पितो. वही सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावी.

शिवण पक्की, वही सपाट उघडते. पानं फक्त २४. रोजच्या टिपणांना शाळेची वहीच बरी.