‘गॅस संपलाय’ सांगून कूलरच्या दुरुस्तीत आम्हाला फसवलं

सांगलीत आमचं दूध-दह्याचं छोटं दुकान आहे. ऐन उन्हाळ्यात दूध गार ठेवायच्या कूलरच्या डिस्प्लेवर 11 अंश दिसायला लागले आणि आकडा काही केल्या खाली येईना. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू. आणि मागच्या रांगेतल्या दुधाच्या पिशव्यांत मात्र बर्फ झालेला.

नेटवर कंपनीच्या नावाने जो नंबर सापडला त्यावर फोन केला. छातीवर कंपनीचं चिन्ह असलेला एक जण आला. "ताई, गॅस संपलाय, बोर्डपण गेलाय," म्हणाला. गॅस, बोर्ड, मजुरी मिळून 7,500 रुपये. आम्ही गिऱ्हाइकं बघत होतो तेवढ्यात त्याने कूलर ओढून मागे खुडबुड केली, मग बटणं दाबली. डिस्प्लेवर 3 आले. पैसे रोख घेतले आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर.

काही दिवसांनी दही आंबायला लागलं, दूध तापवताना फाटायला लागलं. डिस्प्ले 4 दाखवत होता, म्हणून आम्ही आधी दूध पुरवणाऱ्याशी वाद घातला. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने लहान मुलासाठी नेलेलं दूध परत आणलं, त्या दिवशी पोटात गोळा आला.

मग बाजारातल्या जुन्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं, कूलरच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं टोक त्यात बुडवलं आणि ढवळत राहिले. तिथे आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. आला उणे 8! काकांनी कंट्रोलरची, म्हणजे तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या भागाची, सेटिंग उघडली. दाखवायच्या आकड्यातून 8 अंश वजा करून ठेवले होते. म्हणजे आत 12 अंश असले तरी बाहेर 4 दिसणार.

मूळ बिघाड सेन्सरच्या वायरीच्या जोडात होता. तिथे ओल शिरली होती. ओलीमुळे अशा सेन्सरचा विजेला होणारा रोध कमी झाला की कंट्रोलरला वाटतं आत गरम आहे, म्हणून तो कॉम्प्रेसर थांबवतच नाही, आणि दूध गोठतं. जोड सुकला की सेन्सर पुन्हा खरं सांगतो, पण तोवर त्या माणसाने आकडाच खोटा करून ठेवलेला.

गॅस? तो भरलाच नव्हता. अशा कूलरमध्ये गॅस भरायचा तर सहसा कॉम्प्रेसरजवळची नळी कापून पुन्हा झाळावी लागते. आमच्या नळीचं टोक कारखान्यातून आलं तसंच दाबलेलं होतं, वरचा काळा रंगही शाबूत. बोर्डही जुनाच. नव्या सेन्सरचे काकांनी 250 रुपये घेतले.

दुकानदारांनो, बंद नळ्यांत फिरणारा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती दाखव म्हणा. आणि गॅस कमी असेल तर पिशव्यांतलं दूध गोठलं कसं? हा एक प्रश्न विचारला तरी असा माणूस गडबडतो. काम समोर उभं राहून करून घ्या, काढलेला भाग ताब्यात घ्या. मेकॅनिकला फोन करण्याआधी कंडेन्सरवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ झाडा, पंखा फिरतोय का आणि दाराचं रबर नीट बसतंय का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. एक साधा वेगळा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत घालून कायम आत ठेवा. आमच्याकडे आता तो असतोच. सर्व्हिसचा नंबर नेटवरून न घेता कूलरवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर आम्ही तक्रार नोंदवली आहे. धंद्याच्या वस्तूची तक्रार ग्राहक कायद्यात बसत नाही, असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. 2019च्या कायद्यात व्यापारी वापर वगळलेला आहे हे खरं. पण स्वतः राबून फक्त पोटापाण्यासाठी धंदा करायला घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. आमच्या दुकानात आम्ही दोघंच राबतो, आणि तक्रारीत तसंच लिहिलं आहे.