टोकियोतील इआइदोचा वर्ग : सहा महिने आणि एक काता

निशिकासाईला राहायला आल्यावर, गेल्या सप्टेंबरात, मी टोकियोतील एका सार्वजनिक व्यायामशाळेत भरणाऱ्या इआइदोच्या, म्हणजे तलवार उपसण्याच्या जपानी कलेच्या, वर्गात नाव घातले. केंदो या दुसऱ्या जपानी तलवारकलेत बांबूची तलवार, शिनाई, घेऊन समोरच्यावर प्रत्यक्ष वार करतात. इआइदोत मात्र प्रतिस्पर्धी कल्पनेतला असतो आणि तलवार उपसण्यापासून ती पुन्हा म्यान करण्यापर्यंतची प्रत्येक हालचाल एकट्याने घोटायची असते.

पहिले दोन महिने हातात फक्त बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार, होती आणि काम एकच, सुबुरी, म्हणजे डोक्यावरून समोर उतरणारा सरळ वार, दर खेपेस शंभरदा. माझी चूक इथेच सापडली. सगळा जोर मी उजव्या हाताने लावत असल्यामुळे टोक दरवेळी बाजूला ढळत होते. सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, माझी उजवी मूठ सैल केली, डाव्या हाताची करंगळी व अनामिका आवळून दिली आणि वार संपताना दोन्ही हात ओला पंचा पिळल्यासारखे आत वळवायला लावले. पुढे इआइतो, म्हणजे सरावाची बिनधारेची तलवार, मिळाली, तेव्हा पाते सरळ उतरले की त्यावरच्या खोबणीमुळे हवेत स्वच्छ शीळ उमटते आणि तिरपे गेले की ती विरते, हे स्वतःच्या कानांनी कळू लागले.

अखिल जपान केंदो महासंघाच्या 12 प्रमाणित कातांपैकी, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमांपैकी, उरलेला सगळा काळ आम्ही पहिलीवरच, ‘माए’वर, होतो. सेइझात, म्हणजे आपल्या वज्रासनातच, बसून तलवार उपसायची, कानशिलावर आडवा वार, मग वरून उभा. मला सर्वांत अवघड गेले ते म्यान करणे : डाव्या हाताने म्यानाचे तोंड झाकून, त्या बोटांवरून पात्याची पाठ सरकवत टोक आत न्यायचे, तेही खाली न बघता.

तक्रार खर्चाबद्दल आहे. नाव घालताना केवळ मासिक शुल्क सांगितले गेले. हाकामा (घोळदार पायघोळ वस्त्र), ओबी (कमरपट्टा), वार्षिक वर्गणी आणि परीक्षेचे शुल्क नंतर एकेक करून समजले. शिवाय ‘असेच का?’ या प्रश्नाला बहुधा ‘पुन्हा करा’ हेच उत्तर मिळते, आणि तेही जपानीत. तरीही इतक्या बारकाईने मूठ तपासणारा शिक्षक मला अन्यत्र भेटलेला नाही, म्हणून मी वर्ग सोडलेला नाही.

प्रवेशाआधी एक सत्र पाहू देतात. गुडघ्यांची तयारी ठेवून जावे, कारण पाहणाऱ्यालाही खुर्ची मिळत नाही.