घाटासाठी मागचा जाड स्टॅबिलायझर बार: नऊ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत घरच्या अंगणातच बसवला. आता नऊ महिने आणि साधारण अकरा हजार किलोमीटर झालेत. महिन्यातून दोनदा तरी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला जाणं होतं, म्हणून हा खर्च. गाडी 2010 ची सेडान, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. वळणावर एका अंगावर कलायची आणि जरा वेगात असलं की नाक वळणाबाहेर पळायचं. मागं बसलेली आई कणकुंबी आली की लिंबू नाकाशी धरायची.

बार म्हणजे दोन चाकांना जोडणारा स्प्रिंगच्या पोलादाचा दांडा. दोन्ही चाकं एकदम उचलली तर तो नुसता फिरतो, एकच उचललं तर पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. माझा नवा बार जुन्यापेक्षा वीस टक्के जाड. ऐकायला थोडंच वाटतं, पण भरीव दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे थेट दुपटीवर.

काम दोन तासांचं, मला अख्खा रविवार लागला. बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या जुन्या लिंक रॉडचे नट गंजलेले. पाना फिरवला की आतला बोल्टही सोबत फिरायचा. त्याच्या टोकात अॅलन की अडकवून धरायची आणि मग नट सोडायचा, हे कळेपर्यंत बोटांची सालं निघाली. आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवला असता तर बरं झालं असतं. नवा बार चढवताना दुसऱ्या बाजूचं भोक काही केल्या जुळेना. शेजारचे काका, उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेलेले, हातात कपबशी घेऊन बघत होते. म्हणाले, “एक चाक लोंबतंय नव्हे? दोन्ही उचल की रे!” मी एकाच बाजूला जॅक लावला होता, बार आधीच पिळलेला. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावल्यावर बोल्ट हातानं आत गेला. (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, काका असले तरी.)

घाटात फरक पहिल्याच फेरीत कळला. कलणं निम्म्यावर आल्यासारखं वाटतं, आणि नाक सांगितलेल्या दिशेला जातं. आईचं लिंबू आता डब्यातच राहतं.

मग पाऊस सुरू झाला. बार गाडीला धरून ठेवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या (रबरासारख्या कडक प्लास्टिकच्या) बुशना मी घरात पडलेलं बेअरिंगचं ग्रीस फासलं होतं. जूनअखेर प्रत्येक स्पीड ब्रेकरवर मागून जुन्या कपाटासारखी कुरकुर. बुश काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावलं तेव्हा गप्प झालं. हजारेक किलोमीटरला लिंक रॉडचा एक नटही सैल निघाला, टकटक त्याचीच होती.

जुलैत मात्र घाम फुटला. चोर्ल्याच्या उतारावर, धुक्यात, ओल्या वळणात समोर म्हैस दिसली म्हणून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर शेपूट हलकेच बाहेर सरकली. मागची बाजू कडक केली की पुढची पकड वाढते, ती मागच्या टायरांच्या वाट्यातून. बारला टोकाशी दोन भोकं आहेत. आतल्या भोकात लिंक लावली की दांड्याचा हात आखूड होतो आणि बार कडक पडतो. मी हौसेनं तेच निवडलं होतं. घरी येऊन बाहेरचं भोक घेतलं, आजही तिथंच आहे.

गावातल्या खड्ड्यांना हा बार औषध नाही, उलट एका चाकाचा दणका दुसऱ्यालाही पोचवतो. खानापूर रोडवर एकाच बाजूला खड्डे लागले की गाडी डोकं हलवल्यासारखी डुलते. तुमची गाडी गल्लीतून बाजारात नि बाजारातून गल्लीत फिरणारी असेल, तर याच पैशांत चांगले शॉक अॅब्सॉर्बर घ्या. आणि मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) असेल तर हा प्रकार बसतच नाही, त्याची पट्टी निराळी येते.

मी परत घेईन, पण पहिल्या दिवसापासून बाहेरच्या भोकात. जुना बार माळ्यावर ठेवलाय, गाडी विकताना लागेल म्हणून. आईनं या दिवाळीच्या झाडलोटीला तो भंगारवाल्याला द्यायला काढला होता.